गेममधलं धुकं

हिवाळ्यात पहाटे पवनीच्या घाटावर उभं राहिलं, तर वैनगंगेचा पैलतीर दिसेलच याची खात्री नसते. ओपन-वर्ल्ड गेममध्येही लांबचे डोंगर असेच पुसट होतात. फक्त तिथलं धुकं मुद्दाम सोडलेलं असतं.

गेमला सेकंदाला तीस-साठ चित्रं काढावी लागतात. सगळंच जग काढत बसला, तर कॉम्प्युटर धापा टाकतो. म्हणून दृश्याला एक मर्यादा घालतात, तेच दृश्य-अंतर. मर्यादा उघडी पडली, की धावता धावता समोर अख्खं झाड टपकतं. ते झाकण्यासाठी वस्तू जितकी लांब, तितका तिच्या रंगात धुक्याचा रंग जास्त मिसळतात. मर्यादेपाशी उरतं निव्वळ धुकं.

'माइनक्राफ्ट'मध्ये हा हिशेब सरळ दिसतो. तिथलं जग १६ बाय १६ ठोकळ्यांच्या तुकड्यांत येतं. दृश्य-अंतर ८ तुकडे ठेवलं तर भोवतीचे २८९ तुकडे, १६ केलं तर १,०८९. अंतर दुप्पट, काम जवळपास चौपट!

'सायलेंट हिल'ने (१९९९) लांबचं न दाखवता येण्याची ही अडचणच धुक्यातून भीतीसाठी वापरली. उलट 'जीटीए: सॅन अँड्रियास'च्या २०२१च्या नव्या आवृत्तीत धुकं विरळ झालं आणि अफाट वाटणारा नकाशा एकदम तालुक्याएवढा दिसू लागला. खेळाडू वैतागले, ते रास्तच होतं.

तुमच्याकडे गेम अडखळत असेल, तर आधी दृश्य-अंतर कमी करून पाहा. नवं ग्राफिक्स कार्ड नंतर.