संगणक चालू, नवी डिस्क तयार

खरीप पीकविम्याची मुदत संपत आली की धाराशिव जिल्ह्यात सेवा केंद्रांपुढे शेतकऱ्यांच्या रांगा लागतात. अशा वेळी हार्ड डिस्क कुरकुरू लागली, तर संगणक दिवसभर बंद ठेवणे परवडत नाही. संगणकावर लिनक्स असेल, तर या अडचणीतून मार्ग निघतो. जुन्या डिस्कवर काम सुरू असतानाच संपूर्ण प्रणाली नव्या डिस्कवर बसवता येते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर जुन्या संगणकांसाठी लिनक्सचा पर्याय पुढे आला आहे. म्हणूनही ही रीत माहीत असावी.

प्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळी काढून ठेवावी. नवी डिस्क यूएसबी केसिंगमधून जोडावी आणि 'एलएसबीएलके' ही आज्ञा देऊन तिचे नाव व क्षमता पडताळावी. येथे गफलत झाली, तर जुनीच डिस्क पुसली जाते. त्यानंतर नव्या डिस्कचे विभाग पाडून ते फॉरमॅट करावेत. यूईएफआय पद्धतीच्या संगणकाला फॅट ३२ प्रकारचा एक छोटा विभागही लागतो.

यानंतर 'आरसिंक'ने फायली उतरवाव्यात. फायलींचे मालक, परवानग्या व दुवे जसेच्या तसे राहणे आवश्यक असते. 'प्रॉक' व 'सिस' या फोल्डरांतील मजकूर मात्र डिस्कवर नसतोच. लिनक्सचा गाभा तो चालू असताना निर्माण करतो. म्हणून तेथील मजकूर वगळून केवळ रिकामी फोल्डरे ठेवावीत. डेटाबेस चालू असल्यास प्रत घेण्यापुरता तो थांबवावा, अन्यथा नोंदी अर्धवट उतरतात.

पुष्कळांची गाडी याच टप्प्यावर अडते. सर्व फायली आल्या तरी नवी डिस्क सुरू होत नाही. याची कारणे दोन. प्रत्येक विभागाला यूयूआयडी नावाचा स्वतंत्र ओळखक्रमांक असतो आणि 'एफएसटॅब' फायलीत जुन्याच विभागांचे क्रमांक राहिलेले असतात. ते बदलावे लागतात. दुसरे म्हणजे, संगणक सुरू करून देणारा 'ग्रब' हा प्रोग्राम साध्या नकलेने बसत नाही. त्यासाठी डेव्ह, प्रॉक व सिस ही फोल्डरे नव्या डिस्कवरील त्यांच्या जागी जोडावीत, 'सीएचरूट' आज्ञेने त्या डिस्कवरील प्रणालीत प्रवेश करावा आणि तेथूनच ग्रब बसवावा.

शेवटी संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी आणि केवळ नव्या डिस्कवर तो सुरू करून पाहावा. जुनी जोडलेली राहिली, तर संगणक गुपचूप तिच्यावरूनच सुरू होतो आणि काम फत्ते झाल्याचा भ्रम होतो. काही दिवस नवी डिस्क सुरळीत चालल्याची खात्री झाल्याखेरीज जुनी पुसू नये. काम बंद राहते ते या अखेरच्या अदलाबदलीपुरते. रांगेतील शेतकऱ्याला परत जावे लागत नाही.