धातू नसलेल्या ताऱ्यांच्या शोधात

खगोलशास्त्रज्ञांच्या लेखी हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळी मूलद्रव्ये ‘धातू’च, अगदी ऑक्सिजनसुद्धा. महास्फोटातून हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम एवढेच निर्माण झाले. उरलेले जवळजवळ सारे पुढे ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या स्फोटांत घडले. त्यामुळे एखाद्या ताऱ्यात लोह अत्यल्प असेल, तर तो जन्मला तेव्हा त्याच्या परिसरात मोजकेच तारे फुटले होते, असा अर्थ निघतो. सूर्याच्या ०.८ पट वस्तुमानाचे तारे विश्वाच्या आजच्या वयाइतके टिकतात, म्हणून असे पुराणपुरुष अजून पाहायला मिळतात.

ते आपल्या आकाशगंगेतही आहेत. पण आकाशगंगेने कितीतरी लहान दीर्घिका गिळल्या आहेत. इथला एखादा जुना तारा मूळचा कुठला, हे सांगणे अवघड. खुज्या दीर्घिकेत तसे नसते. तिथे स्फोट थोडे, वायू लवकर संपलेला, त्यामुळे लहान घरातल्या हिशेबाच्या वहीसारखी प्रत्येक नोंद वेगळी वाचता येते.

हार्लो शॅप्ली यांनी १९३८ मध्ये जाहीर केलेली स्कल्प्टर ही अशीच एक दीर्घिका, सुमारे २ लाख ८० हजार प्रकाशवर्षे दूर. नोव्हेंबरच्या संध्याकाळी तिचा तारकासमूह महाराष्ट्रातून दक्षिणेला दिसतो. दीर्घिका मात्र साध्या डोळ्यांना दिसत नाही.

शोध सुरू होतो छायाचित्रांपासून. इतक्या अंतरावरून वर्णपट घेण्याजोगे तेजस्वी असतात ते बहुतेक तांबडे राक्षसी तारेच. रंग आणि तेजस्विता पाहून ते निवडायचे. तरी त्यांत वाटेत आलेले आकाशगंगेचे तारे मिसळलेले असतातच. वर्णरेषा किती सरकल्या यावरून ताऱ्याचा वेग कळतो, आणि वेग जुळला नाही तर तो तारा बाद. आता गाया उपग्रहाने मोजलेल्या आकाशातल्या सरकण्याचीही या पारखीला जोड मिळाली आहे.

मग धातूंचे प्रमाण. रेषा पुसट म्हणजे धातू कमी, इतके हे सरळ नाही, कारण तापमान बदलले की तेवढ्याच अणूंची रेषा गडद किंवा फिकी होते. हा गुंता सोडवणारे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले, आणि त्यावाचून आजही हे काम होत नाही. शिवाय लोहाच्या रेषा बारीक असतात, अंधुक ताऱ्यात त्या हाती लागत नाहीत. म्हणून अवरक्ताच्या सीमेवरच्या कॅल्शियमच्या तीन ठळक रेषा मोजून लोहाचा अंदाज बांधण्याची पद्धत पडली.

अडचण नेमकी इथे होती. चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने स्कल्प्टरसह चार खुज्या दीर्घिकांतले शेकडो तारे तपासले गेले. २००६ मध्ये निष्कर्ष आला, की सूर्याच्या हजाराव्या भागाहून कमी लोह असलेला एकही तारा त्यांत नाही. आकाशगंगेला वेढणाऱ्या विरळ ताऱ्यांच्या बाह्य प्रभामंडळात तर असे तारे सापडत होते! मग ते प्रभामंडळ असल्याच दीर्घिका गिळून बनले, या कल्पनेलाच धक्का बसला. पण कॅल्शियमवरून लोह काढण्याचे सूत्र गोलाकार तारकागुच्छांवरून बसवलेले होते, आणि त्या गुच्छांत इतके लोहदरिद्री तारे नसतातच. त्या मर्यादेखाली रेषा आणि लोह यांचे नाते वेगळे वळण घेते. २०१० मध्ये सूत्र दुरुस्त झाले आणि त्याच नोंदींतून अतिदरिद्री तारे वर आले. मला या साऱ्या शोधातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो: तारे तिथेच होते, मोजपट्टी तोकडी होती.

त्याच वर्षी ॲना फ्रेबेल, इव्हान कर्बी आणि जोशुआ सायमन यांनी चिलीतल्याच मॅगेलन दुर्बिणीने स्कल्प्टरमधल्या एका ताऱ्याचा सविस्तर वर्णपट घेतला. त्यात लोह सूर्याच्या सुमारे सहा हजाराव्या भागाइतके निघाले. इतर मूलद्रव्यांचे प्रमाणही प्रभामंडळातल्या जुन्या ताऱ्यांशी जुळले.

याहून अंधुक दीर्घिकांत एकेका घटनेचा मागही लागतो. २०१५ मध्ये सापडलेल्या रेटिक्युलम-२ मधल्या ९ ताऱ्यांपैकी ७ ताऱ्यांत युरोपियमसारखी जड मूलद्रव्ये मुबलक आढळली; तशाच इतर बहुतेक दीर्घिकांत ती जवळजवळ नाहीत. म्हणजे बहुधा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीसारख्या एकाच दुर्मीळ घटनेने ही अख्खी दीर्घिका माखली. पूर्णपणे धातुविरहित तारा मात्र अजून कुठेच मिळालेला नाही. पहिल्या पिढीत सूर्याहून लहान तारे जन्मलेच नसतील, तर तो मिळणारही नाही.