मंत्रचळ आणि साठवणुकीचा आजार समजून घेताना

आजच्या विषयासाठी आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे, मंत्रचळ. आपण तो बहुतेक वेळा थट्टेनेच वापरतो. सारख्या हात धुणाऱ्या काकू, तीनतीनदा कुलूप ओढून बघणारे आजोबा. हल्ली तरुण मुलंही म्हणतात, "मला टेबल नीट लागतं, मी जरा ओसीडीच आहे." तेव्हा सुरुवातीलाच सांगतो, नीटनेटकेपणा म्हणजे ओसीडी नव्हे. नीटनेटक्या माणसाला आवरून झालं की बरं वाटतं. मंत्रचळ असलेल्या माणसाची आवरूनही सुटका होत नाही.

विचार आणि कृती

या आजाराचे दोन भाग असतात. पहिला भाग विचारांचा. नको असलेला एखादा विचार, शंका किंवा चित्र मनात घुसतं आणि जात नाही. हाताला घाण लागली असेल. गॅस चालू राहिला असेल. पूजेला बसल्यावर देवाबद्दल काहीतरी अभद्र मनात येतं. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या मनात येतं, माझ्या हातून बाळाला काही झालं तर? हा विचार तिला हवा असतो का? मुळीच नाही. तिला त्याची भयंकर भीती वाटते, म्हणूनच ती सुरी लपवून ठेवते, बाळाला एकटीने घ्यायला घाबरते. असा विचार येणं म्हणजे तसं करण्याची इच्छा असणं नव्हे. हे तिला कोणी सांगत नाही, आणि ती लाजेपोटी कोणाला विचारत नाही. कित्येक जण हे दुखणं वर्षानुवर्षं लपवून ठेवतात.

दुसरा भाग कृतीचा. त्या भीतीवर उतारा म्हणून माणूस काहीतरी करतो. धुतो, तपासतो, मोजतो, मनातल्या मनात ठरावीक वेळा जप करतो. घटकाभर बरं वाटतं. पण मनाने यातून काय धडा घेतला? 'हात धुतला म्हणून वाचलो.' म्हणजे पुढच्या वेळी धुवायलाच हवं. अशा प्रकारे कृती भीतीला खतपाणी घालत राहते.

मग सवय कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो? यात रोज तासाभरापेक्षा जास्त वेळ जात असेल, किंवा नोकरी, अभ्यास, संसार बिघडत असेल, तर तो आजार समजावा. शंभरातल्या साधारण १ ते ३ माणसांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो. बहुधा किशोरवयात किंवा विशीच्या आसपास सुरू होतो. त्यामुळे परीक्षेच्या वर्षात मुलगा दोन-दोन तास बाथरूममध्ये राहत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी थोडं थांबा.

साठवणुकीचा आजार

आता दुसऱ्या विषयाकडे वळू. "असू दे, लागेल कधीतरी" हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात आहे. श्रीखंडाचे डबे, पिशव्यांची पिशवी, माळ्यावरची पितळेची भांडी. हा आजार नाही. टंचाईत वाढलेल्या पिढीची ती काटकसर आहे. नाणी किंवा तिकिटं जमवणारा छांदिष्टही आजारी नसतो, कारण तो वस्तू लावून ठेवतो आणि कौतुकाने दाखवतो.

आजारात तीन गोष्टी दिसतात. किंमत असो नसो, वस्तू टाकून देणं जमत नाही. टाकायचं म्हटलं की जीव कासावीस होतो. आणि पसारा इतका वाढतो की ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही, पलंगावर झोपता येत नाही. बऱ्याच जणांच्या बाबतीत नवं सामान आणणंही थांबत नाही.

हे किती टोकाला जाऊ शकतं? न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात होमर आणि लँगली कोलियर हे दोन भाऊ राहत. होमर यांची दृष्टी गेली होती. लँगली त्यांची सेवा करत, आणि भावाला पुन्हा दिसू लागलं की वाचायला मिळावीत म्हणून वर्षानुवर्षं वर्तमानपत्रं साठवत. मार्च १९४७ मध्ये होमर घरात मृतावस्थेत सापडले. लँगलींचा शोध सगळीकडे घेतला. ते सापडले एप्रिलमध्ये, त्याच घरात, भावापासून दहाएक फुटांवर, ढिगाऱ्याखाली. घरातून शंभर टनांपेक्षा जास्त सामान निघालं, त्यात १४ पियानो होते. यात ती वर्तमानपत्रं लक्षात ठेवा. त्या रद्दीत माया होती. बाहेरच्याला जी अडगळ दिसते, तिच्यात आतल्या माणसाची आठवण, जबाबदारी किंवा आशा गुंतलेली असते.

पूर्वी हा ओसीडीचाच एक प्रकार मानत. रँडी फ्रॉस्ट आणि गेल स्टेकेटी यांच्यासारख्या संशोधकांनी १९९० च्या दशकापासून याचा बारकाईने अभ्यास केला, आणि २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली. फरक असा, की मंत्रचळातला विचार माणसाला नकोसा असतो. साठवणाऱ्याला मात्र त्याच्या वस्तू हव्याशाच वाटतात, त्रास होतो तो टाकताना. म्हणून तो स्वतःहून डॉक्टरकडे क्वचितच येतो. आणखी एक, उतारवयात हे एकाएकी सुरू झालं आणि सोबत विसराळूपणा असेल, तर आधी स्मृतिभ्रंशाची तपासणी करून घ्या.

उपचार

ओसीडीवर दोन उपचार खात्रीचे आहेत. पहिला वर्तनोपचार. १९६६ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी त्याचा पाया घातला. भीती वाटते त्या गोष्टीला थोडं थोडं सामोरं जायचं, पण उताऱ्याची कृती करायची नाही. गॅसचं बटण एकदाच बघायचं आणि बाहेर पडायचं. आधी जीव घाबरतो, मग हळूहळू ती लाट ओसरते. आपण तपासलं नाही तरी भीती सोसवते, हे मन अनुभवाने शिकतं. दुसरा उपचार औषधांचा, सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांचा. मात्र डोस बहुधा जास्त लागतो आणि गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात. दोन आठवड्यांत "काही फरक नाही" म्हणून मनानेच गोळ्या सोडू नका.

साठवणुकीच्या आजारात गोळ्यांचा भरवसा कमी. तिथे समुपदेशनातून एकेका वस्तूवर निर्णय घेण्याचा सराव करावा लागतो. त्याला महिने लागतात.

श्रोत्यांचे प्रश्न

*आई गावी गेली की आम्ही घर रिकामं करून टाकलं तर?*

मोह होतो, मला कळतं. पण करू नका. आईला तो घाला वाटेल, विश्वास तुटेल, आणि घर पुन्हा भरेल. आधी फक्त धोक्याचं बोला. गॅसजवळचे कागद, दाराकडे जाणारी वाट, पाय अडकून पडण्याची भीती. "आई, एवढी वाट मोकळी करूया का?" असं विचारा. आणि काय टाकायचं ते तिलाच ठरवू दे.

*माझा नवरा दिवसातून वीसदा विचारतो, कुलूप लावलं ना? मी काय उत्तर देऊ?*

तुमचं प्रत्येक "हो, लावलं" म्हणजे त्यांच्यासाठी आणखी एक तपासणी. पण एकदम गप्पही बसू नका, त्यांना वाटेल तुम्ही रागावलात. दोघं मिळून ठरवा, एकदाच उत्तर द्यायचं. पुढच्या वेळी म्हणा, "तुम्हाला भीती वाटतेय हे कळतंय मला, आपण थोडं थांबूया." डॉक्टरकडे त्यांच्यासोबत तुम्हीही जा.

शेवटी एवढंच. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग असतो. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. ज्या विचाराची लाज वाटते, नेमका तोच तिथे सांगा. ऐकणाऱ्याने तो याआधी अनेकदा ऐकलेला असतो.