लॅपटॉप भरला? काय पुसायचं, काय ठेवायचं

ॲन आर्बरमधल्या आपल्या बऱ्याच मराठी घरांत कुणी ना कुणी प्रोग्रॅमिंग शिकतंय. नेमकं सेमिस्टरच्या शेवटी, प्रोजेक्ट द्यायच्या वेळी लॅपटॉप म्हणतो, ‘डिस्क भरली’. मग घाईघाईत घरचे फोटो पुसले जातात. जागा खाणारे मात्र बहुतेक वेळा वेगळेच असतात.

प्रोग्रॅमिंगची साधनं काम करताना पसारा मांडतात आणि तो स्वतः आवरत नाहीत. जावास्क्रिप्ट प्रोजेक्टमधलं ‘नोड मॉड्यूल्स’, आयफोन ॲप बनवणाऱ्या एक्सकोडचं ‘डिराइव्ह्ड डेटा’, रस्टचं ‘टार्गेट’, कोंडाने साठवलेली पॅकेजेस, डॉकरच्या जुन्या इमेजेस. वर्षभरात यांचे सहज कित्येक जीबी होतात.

आधी मोजा. विंडोजवर सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’ बघा. मॅक आणि लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘डीयू’ ही कमांड फोल्डरचा आकार सांगते. ज्यांचं नाव टिंबाने सुरू होतं ती फोल्डर्स लपलेली असतात. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि टिंब एकत्र दाबलं की ती दिसतात.

पुसण्याआधी एकच प्रश्न विचारा: हे मशीन पुन्हा बनवू शकेल का?

‘पॅकेज डॉट जेसन’ आणि लॉक फाइल जागेवर असेल, तर नोड मॉड्यूल्स खुशाल पुसा. ‘एनपीएम इन्स्टॉल’ केलं की परत येतं. टार्गेट आणि डिराइव्ह्ड डेटा पुढच्या बिल्डला पुन्हा तयार होतात. कोंडासाठी ‘कोंडा क्लीन’ आहे.

पण ‘डॉट गिट’ला हात लावू नका, त्यात प्रोजेक्टचा सगळा इतिहास असतो. ‘डॉट ई-एन-व्ही’ फाइलमध्ये पासवर्ड असतात. डॉकरच्या व्हॉल्यूममध्ये तुमचा डेटाबेस असू शकतो. ‘डॉकर सिस्टम प्रून’ व्हॉल्यूमला आपणहून हात लावत नाही, पण बंद पडलेले कंटेनर आतल्या डेटासकट काढून टाकतं.

युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनच्या ‘ग्रेट लेक्स’ क्लस्टरवर काम करणाऱ्यांनी तर आणखी जपावं. तिथे होम फोल्डरला ८० जीबीची मर्यादा आहे, आणि कोंडा एरवी तिथेच साठा करतो. स्क्रॅचमध्ये जागा भरपूर, पण ६० दिवस न वापरलेल्या फाइल्स आपोआप काढल्या जातात. तिथे तारीख बघितली जाते, फाइलची किंमत नाही. म्हणून थीसिसचे निकाल आधी दुसरीकडे हलवा.

तर मंडळी, परीक्षेच्या आदल्या रात्री नको, या शनिवारीच अर्धा तास काढा. आधी बॅकअप, मग झाडू!