पुण्यातून बेंगळुरूला कुर्ता पाठवला, तर टॅक्स कुठल्या राज्याचा?

आजचा भाग इन्स्टावर किंवा स्वतःच्या साइटवर काही ना काही विकणाऱ्यांसाठी. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा मजकूर.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. एका मैत्रिणीचं कुर्त्यांचं छोटं ऑनलाइन दुकान आहे, पुण्यातून चालतं. साइट मी लिहून दिली. काही महिन्यांनी तिच्या सीएचा फोन आला, "बाहेरच्या राज्यात गेलेल्या काही ऑर्डर्सवर टॅक्स चुकीचा लागलाय." चूक माझ्या कोडमध्ये होती.

नेमकं काय चुकलं?

जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, तेव्हापासून साधा नियम आहे: वस्तू जिथे वापरली जाते, त्या राज्याला टॅक्स. माल महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गेला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, निम्मा-निम्मा. राज्याबाहेर गेला तर आयजीएसटी.

आता समजा, कोथरूडच्या एका ताईने बेंगळुरूच्या बहिणीला १,५०० रुपयांचा कुर्ता भेट पाठवला. टॅक्स ५ टक्के, म्हणजे ७५ रुपये. माझा कोड बिलिंगचा पत्ता बघायचा. कोथरूड दिसलं की ३७.५० अधिक ३७.५०. पण ग्राहकाकडे जीएसटी नंबर नसेल आणि दोन पत्ते वेगळे असतील, तर डिलिव्हरीचा पत्ता धरायचा, हे सरकारने जून २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. म्हणजे पूर्ण ७५ रुपये आयजीएसटी.

ग्राहकाला फरक शून्य. म्हणूनच ही चूक कोणाच्या लक्षात येत नाही! पण दुकानदाराला आयजीएसटी नव्याने भरावा लागतो आणि आधी भरलेला परत मागावा लागतो. व्याज लागत नाही, पण रिफंड येईपर्यंत पैसे अडकतात. छोट्या धंद्यात तेच जड जातं.

"माझा धंदा ४० लाखांच्या आत आहे, मला काय?"

हा गैरसमज खूप आहे. वस्तू विकणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात ४० लाखांची मर्यादा आहे, खरंय. पण राज्याबाहेर माल विकायचा तर पहिल्या ऑर्डरपासून नोंदणी लागते. काही ठरावीक हस्तकला वस्तूंना अटींसह सूट आहे, बाकीच्यांना नाही. आणि कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर राज्याबाहेर विकताच येत नाही.

चांगली गोष्ट अशी, की पुण्यातून देशभर विकायला २७ ने सुरू होणारा एकच जीएसटी नंबर पुरतो. अमेरिकेत २०१८ च्या वेफेअर निकालानंतर ऑनलाइन दुकानदाराला प्रत्येक राज्याची वेगळी मर्यादा बघत बसावं लागतं. आपल्याकडे ती कटकट नाही.

मात्र माल दुसऱ्या राज्याच्या गोदामात ठेवलात की गणित बदलतं. बेंगळुरूच्या गोदामात स्टॉक ठेवायचा, तर कर्नाटकची नोंदणी हवी. विक्री न होता नुसता स्टॉक हलवला तरी आयजीएसटीचं बिल. आणि तिथून पुण्याच्या ग्राहकाला माल आला, तर तोही आंतरराज्य व्यवहार!

मार्केटप्लेसवर विकत असाल तर

कंपनी तुमच्या विक्रीतून टीसीएस कापते. आधी १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का. तो पैसा बुडत नाही, तुमच्या जीएसटी खात्यात जमा होतो. दर महिन्याला पोर्टलवर जाऊन जुळवून घ्या.

तयारी काय करायची?

- चेकआउटमध्ये राज्य टाइप करायला लावू नका, यादीतून निवडू द्या.
- टॅक्सचे दर कोडमध्ये कोरून ठेवू नका. तारखेसकट टेबलमध्ये ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, तेव्हा ज्यांनी हे केलं होतं ते निवांत झोपले.
- कुर्त्यासोबत शिपिंगचे पैसे घेत असाल, तर त्यावरही कुर्त्याच्याच दराने टॅक्स धरा.
- राज्यवार विक्रीचा रिपोर्ट आधीच तयार ठेवा. जीएसटीआर-१ मध्ये तो लागतोच.

आज रात्री एक काम करा. स्वतःच्या साइटवर एक टेस्ट ऑर्डर टाका: बिलिंग पुण्याचं, डिलिव्हरी बेंगळुरूची. बिलावर आयजीएसटी आला तर छान. नाही आला, तर उद्या सकाळी सीएला फोन करा. आमचा फोन उशिरा झाला, तुमचा होऊ नये.

भेटू पुढच्या भागात!