अंकित चव्हाणवरील बंदी आणि शिक्षेचे मोजमाप

मुंबईचा डावखुरा फिरकीपटू अंकित चव्हाण याला मे 2013 मध्ये सहखेळाडू श्रीशांत व अजित चंडिला यांच्यासह दिल्ली पोलिसांनी अटक केली. आरोप आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सकडून खेळताना स्पॉट-फिक्सिंग केल्याचा होता. 13 सप्टेंबर 2013 रोजी क्रिकेट नियामक मंडळाने (बीसीसीआय) चव्हाण आणि श्रीशांतवर आजीवन बंदी घातली.

जुलै 2015 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केले. खटल्यात ‘मोक्का’ लावला होता. टोळ्यांसाठी केलेला हा कायदा क्रिकेटपटूंना लावणे मुळातच ओढूनताणून होते. बंदी मात्र उठली नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. मंडळाच्या शिस्तभंग चौकशीत तेवढ्या कडक पुराव्याची गरज नसते. न्यायालयातून सुटलेला खेळाडू मंडळाच्या लेखी दोषी राहू शकतो तो यामुळेच, आणि त्यात विसंगती नाही.

खरी अडचण शिक्षेच्या मापाची होती. नियमांत किमान पाच वर्षे ते आजीवन अशी मुभा असताना थेट टोकाची शिक्षा दिली गेली. मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रीशांतच्या प्रकरणात दोष कायम ठेवला, पण शिक्षेचा फेरविचार करायला सांगितले. त्याची बंदी सात वर्षांवर आली.

चव्हाणलाही पुढे तेच माप लागले. त्याची सात वर्षे सप्टेंबर 2020 मध्येच भरत होती. मोकळीक मिळायला 2021 उजाडले. या डावखुऱ्या फिरकीपटूची उमेदीची वर्षे तोवर सरली होती.