लघुव्यवसायातील सर्व्हरची देखभाल व दोषनिवारण

लघुव्यवसायातील सर्व्हरची देखभाल म्हणजे दुकान, दवाखाना, सनदी लेखापालाचे कार्यालय, पतसंस्था, लहान कारखाना अशा ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या सर्व्हर संगणकाचे काम अखंड व सुरक्षित चालावे यासाठी नियमितपणे करावयाची कामे होत. सर्व्हर बंद पडल्यास किंवा नीट चालेनासा झाल्यास त्याचे कारण शोधून तो पूर्ववत करण्याच्या क्रियेस दोषनिवारण म्हणतात. मोठ्या संस्थांमध्ये या कामासाठी स्वतंत्र विभाग असतो. लघुव्यवसायात मात्र ते बहुधा मालक, हिशेबनीस किंवा बोलावल्यावर येणारा तंत्रज्ञ यांच्याकडे असते. त्यामुळे देखभालीचा भर महागड्या यंत्रसामग्रीपेक्षा शिस्तीवर द्यावा लागतो. बिघडलेले यंत्र नवे विकत घेता येते, पण त्यातील विदा, म्हणजे डेटा, विकत मिळत नाही. म्हणून विदा परत मिळवता येण्याची खात्री हाच चांगल्या देखभालीचा मुख्य निकष मानला जातो.

स्वरूप

एकाच जाळ्यातील अनेक संगणकांना सेवा पुरवणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. लघुव्यवसायात तो मुख्यतः चार कामे करतो: सामायिक फायली ठेवणे, हिशेबाची किंवा मालसाठ्याची आज्ञावली चालवणे, छपाईयंत्र सर्वांना उपलब्ध करून देणे आणि कोणास काय पाहता येईल हे ठरवणे. भारतातील अनेक लहान कार्यालयांत टॅलीसारख्या हिशेबाच्या आज्ञावलीची विदा एकाच संगणकावर असते व इतर संगणक ती जाळ्यातून वापरतात. हा संगणक दिसायला साधा असला तरी त्याची भूमिका सर्व्हरचीच असते. ही गोष्ट लक्षात न आल्याने त्याची देखभाल होत नाही, असे वारंवार घडते.

पार्श्वभूमी

१९८३ मध्ये बाजारात आलेल्या नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर या प्रणालीमुळे लहान कार्यालयांत फायली सामायिक करण्याची पद्धत रुळली. १९९० च्या दशकात लिनक्स ही मुक्त संचालन प्रणाली व तिच्यावर चालणारी सांबा ही आज्ञावली उपलब्ध झाली. सांबामुळे विंडोजच्या संगणकांना लिनक्स सर्व्हरवरील फायली वापरता येऊ लागल्या. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये लहान संस्थांसाठी स्मॉल बिझनेस सर्व्हर हे एकत्रित उत्पादन आणले. त्याची २०११ ची आवृत्ती अखेरची ठरली. त्यानंतर अनेक सेवा आंतरजालावरील क्लाउडमध्ये गेल्या, तरी हिशेब, मोठ्या फायली व स्थानिक यंत्रांशी जोडलेली कामे यांसाठी कार्यालयातील सर्व्हर आजही वापरले जातात.

जागा व वीजपुरवठा

सर्व्हर थंड, कोरड्या व धूळमुक्त जागी ठेवावा लागतो. अमेरिकेतील अ‍ॅश्रे या अभियंत्यांच्या संस्थेने सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश सेल्सियस तापमानाची शिफारस केली आहे. पंख्यांवर धूळ साचल्यास उष्णता बाहेर पडत नाही व प्रक्रियक आपला वेग कमी करतो किंवा यंत्र आपोआप बंद होते. कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवर दमट व खारट हवेमुळे जोडण्यांवर गंज चढतो. तेथे ही तपासणी अधिक वेळा करावी लागते. सर्व्हर जमिनीवर ठेवणेही धोक्याचे असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा सखल भागांतील तळमजल्यावर पाणी शिरले होते. अशा वेळी सर्व्हर आणि त्याशेजारच्या कपाटातील बॅकअप ही दोन्ही एकदमच नष्ट होतात.

वीज अचानक गेल्यास लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते आणि हिशेबाची विदा बिघडू शकते. यावर यूपीएस हा उपाय आहे. घरगुती इन्व्हर्टर वीज गेल्यावर बॅटरीवर येण्यास काही क्षण घेतो व तेवढ्यात संगणक बंद पडू शकतो. ऑनलाइन प्रकारच्या यूपीएसमध्ये असा खंड पडत नाही. यूपीएसचे काम सर्व्हर तासन् तास चालवणे हे नसून तो व्यवस्थित बंद होण्यास वेळ मिळवून देणे हे आहे. त्यासाठी यूपीएस व सर्व्हर यांना केबलने जोडून बॅटरी उतरू लागताच सर्व्हर आपोआप बंद होईल अशी योजना करतात. यूपीएसमधील शिसे-आम्ल बॅटरी साधारणपणे ३ ते ५ वर्षे टिकते आणि उष्ण जागी तिचे आयुष्य कमी होते. योग्य अर्थिंग नसल्यास चांगला यूपीएसही पुरेसे संरक्षण देऊ शकत नाही.

हार्ड डिस्क व रेड

सर्व्हरमध्ये झिजणाऱ्या भागांपैकी हार्ड डिस्क सर्वांत महत्त्वाची होय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापरण्याची रेड ही संकल्पना मांडली. रेड १ मध्ये दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिला जातो. रेड ५ मध्ये किमान तीन डिस्क लागतात व त्यांपैकी एक बिघडली तरी काम चालू राहते. रेड ६ मध्ये किमान चार डिस्क लागतात आणि दोन बिघडल्या तरी विदा टिकते.

रेडविषयी सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे त्यास बॅकअप मानणे. रेड फक्त डिस्कच्या बिघाडापासून वाचवते. चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. तसेच एक डिस्क बिघडूनही काम सुरळीत चालू राहिल्याने बिघाड कोणाच्या लक्षात येत नाही आणि रेड १ किंवा रेड ५ मध्ये आणखी एक डिस्क बिघडली की सर्व संपते. म्हणून रेडची स्थिती दर आठवड्यास पाहणे व बिघाडाची सूचना ईमेलने मिळण्याची सोय करणे आवश्यक असते. बिघडलेली डिस्क बदलताना चुकीची डिस्क काढली जाण्याचा धोका टाळण्यासाठी प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक व तिची जागा आधीच लिहून ठेवतात.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्मार्ट या पद्धतीने ठेवते. खराब क्षेत्रांची संख्या वाढू लागणे ही बदलाची वेळ आल्याची खूण होय. मात्र गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बिघडलेल्या डिस्कपैकी मोठ्या हिश्श्याने अशी कोणतीही ठळक पूर्वसूचना दिली नसल्याचे आढळले होते.

बॅकअप

बॅकअपसाठी ३-२-१ हा नियम प्रचलित आहे. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे तो लोकप्रिय झाला. विदेच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात व एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी, असा त्याचा आशय आहे. प्रती जपण्याच्या एका जुन्या पद्धतीस आजोबा-वडील-मुलगा असे नाव आहे. तीत रोजच्या, आठवड्याच्या व महिन्याच्या प्रती स्वतंत्र ठेवतात. एखादी चूक तीन आठवड्यांनी लक्षात आली तरी त्याआधीची प्रत त्यामुळे हाताशी राहते. सतत जोडून ठेवलेली बाह्य डिस्क पुरेशी नसते, कारण सर्व्हरमध्ये शिरलेले रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करते.

बॅकअप घेतला जातो यापेक्षा तो परत आणता येतो का, हा प्रश्न महत्त्वाचा असतो. १९९८ मध्ये पिक्सार या चित्रपटसंस्थेत टॉय स्टोरी २ या चित्रपटाच्या फायली एका चुकीच्या आज्ञेमुळे पुसल्या गेल्या, तेव्हा संस्थेचा बॅकअप सदोष असल्याचे उघड झाले. घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावर प्रत असल्यामुळे बहुतांश काम वाचले. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संस्थेत एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरील विदा पुसली. नेहमीचा बॅकअप आवृत्त्यांतील फरकामुळे होतच नव्हता आणि तसे सांगणारे ईमेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली एक प्रत उपयोगी पडली, तरी मधल्या काळातील विदा गमवावी लागली. तज्ज्ञांचे पथक असलेल्या संस्थांची ही स्थिती पाहता, लघुव्यवसायाने महिन्यातून एकदा एखादी फाइल आणि वर्षातून एकदा संपूर्ण विदा दुसऱ्या संगणकावर परत आणून तपासणे अत्यंत गरजेचे ठरते.

अपडेट व सुरक्षितता

वॉनाक्राय हे रॅन्समवेअर १२ मे २०१७ रोजी जगभर पसरले. ते विंडोजच्या ज्या त्रुटीचा फायदा घेत होते, ती दूर करणारे अपडेट १४ मार्च रोजीच, म्हणजे सुमारे दोन महिने आधी, उपलब्ध झाले होते. अपडेट न केलेल्या संगणकांना फटका बसला. अपडेट करण्यापूर्वी बॅकअप घेणे व कामाची वेळ टाळणे इष्ट असते. महिनाअखेरीस किंवा विवरणपत्रांच्या मुदतीच्या तोंडावर मोठे बदल करू नयेत. निर्मात्याचे पाठबळ संपलेल्या प्रणालीस नवी अपडेट मिळत नाहीत. उदाहरणार्थ, विंडोज सर्व्हर २०१२ चे नियमित पाठबळ १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपले.

घरून काम करता यावे म्हणून सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप थेट आंतरजालावर खुला ठेवणे हा रॅन्समवेअरच्या शिरकावाचा नेहमीचा मार्ग आहे. त्याऐवजी व्हीपीएन वापरतात. प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र खाते व कामापुरतेच अधिकार देणे, तसेच नोकरी सोडलेल्यांची खाती तत्काळ बंद करणे हेही देखभालीचेच भाग होत.

दोषनिवारणाची पद्धत

दोष शोधताना प्रथम त्याची व्याप्ती ठरवतात. एकाच संगणकावर अडचण असल्यास दोष बहुधा त्या संगणकात किंवा त्याच्या केबलमध्ये असतो. सर्वांनाच अडचण असल्यास वीजपुरवठा, स्विच व सर्व्हर या क्रमाने पाहतात. त्यानंतर शेवटी काय बदलले याचा शोध घेतात: नवे अपडेट, नवे छपाईयंत्र, बदललेला परवलीचा शब्द. पुढे प्रणालीच्या नोंदी, म्हणजे लॉग, वाचतात. एका वेळी एकच बदल करावा, तो लिहून ठेवावा व उपयोग न झाल्यास मागे घ्यावा. घाईत चार बदल एकदम केल्यास कोणत्या बदलाने काम झाले हे कळत नाही आणि दोष पुन्हा उद्भवल्यास शोध पहिल्यापासून करावा लागतो.

विदा धोक्यात असल्यास दुरुस्तीआधी सर्व्हरवर नवे लेखन थांबवतात. डिस्क दिसत नसताना स्वरूपण करण्याची सूचना पडद्यावर आल्यास ती स्वीकारू नये. तशाने उरलेली विदाही हातची जाऊ शकते.

नेहमी आढळणारे दोष पुढीलप्रमाणे आहेत.

• डिस्क पूर्ण भरणे: लॉग, जुने बॅकअप किंवा तात्पुरत्या फायली वाढून जागा संपते व आज्ञावली थांबतात. १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवण्याचा प्रघात आहे.

• चुकीची वेळ: मदरबोर्डवरील ३ व्होल्टची लहान बॅटरी संपल्यास घड्याळ मागे पडते. विंडोज जाळ्यातील ओळखपडताळणीत पाच मिनिटांहून अधिक फरक सहसा चालत नाही. त्यामुळे परवलीचा शब्द बरोबर असूनही प्रवेश मिळत नाही.

• पत्ता न मिळणे: संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असल्यास त्यास पत्ता वाटणाऱ्या सेवेशी संपर्क झालेला नाही असे समजावे.

• संथपणा: कामाच्या वेळेत चालणारा बॅकअप किंवा विषाणुतपासणी, अपुरी स्मृती अथवा बिघडू लागलेली डिस्क ही त्याची सामान्य कारणे होत.

• फायली बिघडणे: सामायिक हिशेब वाय-फायवरून वापरताना संपर्क तुटल्यास असे घडू शकते. अशा कामासाठी केबलची जोडणी अधिक विश्वसनीय असते.

नोंदवही

सर्व्हरची नोंदवही कागदावर ठेवण्याची शिफारस केली जाते, कारण सर्व्हर बंद असताना त्यातील फाइल वाचता येत नाही. तीत यंत्राचा अनुक्रमांक, हमीची मुदत, जाळ्यातील पत्ते, आज्ञावलींचे परवाने, बॅकअपची ठिकाणे, झालेले बदल व तंत्रज्ञाचा संपर्क असतो. प्रशासकाचा परवलीचा शब्द मोहरबंद पाकिटात तिजोरीत ठेवतात. सर्व माहिती एकाच व्यक्तीच्या डोक्यात असल्यास ती व्यक्ती आजारी पडताच व्यवसाय अडतो.

भारतातील कायदेशीर बाबी

भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद चमू, म्हणजे सर्ट-इन, या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटनांची माहिती सहा तासांत कळवणे आणि लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवावा, अशी सुधारणा ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनी लेखा नियमांत झाली. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात.

क्लाउडचा पर्याय

क्लाउड सेवा घेतल्यास यंत्र, वीज व डिस्क यांची काळजी सेवादात्याकडे जाते. तथापि खाती, अधिकार व बॅकअप यांची जबाबदारी बहुतांशी ग्राहकाकडेच राहते. कर्मचाऱ्याने पुसलेली फाइल ठरावीक मुदतीनंतर तेथूनही परत मिळत नाही, आणि आंतरजाल बंद असताना काम थांबते. म्हणून अनेक लघुव्यवसाय रोजचे काम कार्यालयातील सर्व्हरवर करतात व दूरच्या प्रतीसाठी क्लाउड वापरतात.